बाळ झोपते, आई जागीच: नाशिकमधील एका बाळंतिणीच्या झोपेचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील स्त्रीला मी येथे रेवती म्हणते. तिच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे लेखन केले आहे. तिचे वय 29 होते आणि हे तिचे पहिलेच बाळंतपण होते. सासर नाशिकच्या सिडकोत असून ती अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या हिशेब विभागात नोकरी करत होती. पती सातपूरला पाळीने कामाला जात होते. आणि माहेर निफाड तालुक्यात, द्राक्षबागायतदारांचे होते. मी शहरातील एका प्रसूतिगृहात समुपदेशक म्हणून काम करते आणि रेवतीची माझी पहिली भेट नोव्हेंबरच्या अखेरीस, तिला 33 वा आठवडा चालू असताना झाली.

ती माझ्याकडे झोपेसाठी आलेली नव्हती. बाळंतपणाच्या वेदनांची भीती वाटते म्हणून डॉक्टरांनी तिला पाठवले होते. बोलता बोलता तिने सांगितले की गेले महिनाभर तिला रात्री दोन-अडीचच्या आधी झोप लागत नाही. ही तक्रार तिने घरात, कार्यालयात आणि तपासणीच्या वेळीही सांगितली होती, आणि सगळीकडून तिला एकच उत्तर मिळाले होते: आता झोपून घे, बाळ आल्यावर कुठली झोप! हे उत्तर प्रेमाने दिलेले असते, पण त्यामुळे तक्रार तिथेच संपते आणि सांगणारी पुन्हा सांगत नाही.

गरोदरपणातील अडचण

शेवटच्या तिमाहीत झोप मोडण्याची साधी कारणे बरीच असतात. लघवीला वारंवार उठावे लागते, आडवे झाले की छातीत जळजळते, कंबर भरून येते, बाळ रात्रीच जास्त हालचाल करते. रेवतीला यांपैकी बहुतेक सगळे होत होते. शिवाय शेजारच्या एका काकूंनी 'उताणी झोपलीस तर बाळाला धोका' असे सांगितल्यामुळे ती झोपेत उताणी होण्याच्या धास्तीने जागी राहत होती. या सल्ल्यात तथ्य आहे. 28 आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर झोपावे, डावी किंवा उजवी कोणतीही कूस चालते. मात्र मध्येच जाग आली आणि आपण पाठीवर आहोत असे दिसले तर घाबरून न जाता पुन्हा कुशीवर वळावे, एवढेच करायचे असते. हा दुसरा भाग तिला कोणी सांगितला नव्हता.

परंतु या सगळ्यापेक्षा वेगळे असे एक वाक्य ती बोलली: "पायात आतून काहीतरी वळवळतं, पाय ओढल्यासारखे होतात, मग उठून गॅलरीत फेऱ्या मारल्या की बरं वाटतं." तपासणीच्या वेळी तिने हे 'पाय ओढतात' एवढ्याच शब्दांत सांगितले होते, त्याचा अर्थ पोटऱ्यांत गोळे येतात असा घेतला गेला होता आणि कॅल्शियमची गोळी चालू ठेवण्यास सांगितले होते.

गोळे येणे आणि हे वळवळणे यांत फरक आहे. गोळा येतो तेव्हा पोटरीचा स्नायू दगडासारखा घट्ट होतो, जोराची कळ येते आणि काही मिनिटांत ती ओसरते. रेवतीला कळ येत नव्हती. तिला पाय हलवल्याशिवाय राहवत नव्हते. हा त्रास बसल्या-पडल्यावर सुरू होई, चालले की थांबे आणि संध्याकाळनंतर वाढे. या चार खुणा एकत्र असल्या की 'रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम'चा विचार करावा लागतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हा विकार बऱ्याच स्त्रियांना होतो आणि शरीरातील लोहाच्या कमतरतेशी त्याचा जवळचा संबंध असतो, कारण मेंदूत डोपामिन हे संदेश वाहणारे रसायन तयार होण्यासाठी लोह लागते. बहुतेक जणींना बाळंतपणानंतर त्यातून आराम पडतो.

पहिला निर्णय

रेवतीची स्वतःची मागणी झोपेच्या गोळीची होती. ती मिळत नाही म्हणून तिने तीन रात्री घरातील सर्दीची गोळी घेतली होती, कारण त्या गोळीने गुंगी येते हे तिला ठाऊक होते. त्या तिन्ही रात्री पायांचा त्रास वाढला. गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांनी आणि उलटी थांबवणाऱ्या काही औषधांनी हा विकार बळावतो, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही.

डॉक्टरांनी हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा, तपासण्यास सांगितले. हिमोग्लोबिन 9.8 ग्रॅम आले. गरोदरपणात 11 पेक्षा कमी असणे म्हणजे रक्तक्षय. फेरिटिन 8 आले. पायांच्या या विकारात फेरिटिन 75 पेक्षा कमी असले तरी लोह देण्याचा विचार करतात, त्यामुळे 8 या आकड्यावर चर्चेला जागाच नव्हती. प्रश्न असा होता की लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून चालू असूनही हे कसे झाले. गोळ्यांची पाकिटे पाहिली, त्यांचा हिशेब बरोबर होता, म्हणजे ती गोळी खरोखरच घेत होती. मात्र ती लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र, आणि तीही दुपारच्या चहाबरोबर घेत होती. चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोह शोषून घेण्यात अडथळा आणतात. गोळी देणाऱ्या प्रत्येकाने 'घेता ना?' असे विचारले होते, 'कशाबरोबर घेता?' असे कोणी विचारले नव्हते आणि त्यात मीही आले.

येथे दोन मार्ग होते. गोळी योग्य रीतीने, म्हणजे लिंबूपाण्याबरोबर आणि चहा-कॅल्शियमपासून दोन तासांच्या अंतराने घेणे हा स्वस्त आणि सोपा मार्ग होता, पण बाळंतपणाला जेमतेम सहा आठवडे उरले होते आणि एवढ्या वेळात साठा भरला नसता. दुसरा मार्ग शिरेतून लोह देण्याचा होता. त्याला खर्च येतो आणि क्वचित तीव्र ॲलर्जी होऊ शकते म्हणून ते रुग्णालयात देखरेखीखालीच द्यावे लागते. डॉक्टरांनी दुसरा मार्ग निवडला आणि 34 व्या व 35 व्या आठवड्यात दोन वेळा लोह दिले. उपचाराच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पायांची वळवळ जवळजवळ थांबली.

माझी चूक

डिसेंबरच्या मध्यावर, 36 व्या आठवड्यात, रेवती माहेरी गेली. जाण्याच्या आधी फोनवर ती म्हणाली, "ताई, पाय आता बरे आहेत. पण अंथरुणावर पडलं की जागच येते. आधी पायांमुळे यायची, आता उगीचच येते." मी नोंदवहीत 'पाय: सुधारणा' असे लिहिले आणि तिचे दुसरे वाक्य लिहिले नाही.

ते वाक्य महत्त्वाचे होते. दीड-दोन महिने रोज रात्री अंथरुण म्हणजे त्रास असे समीकरण झाले की मूळ कारण गेल्यावरही शरीर त्या जागी सावध राहायला शिकलेले असते. अशा निद्रानाशावर विचार आणि सवयी बदलण्याचे जे उपचार आहेत, ते गरोदरपणातही सुरक्षितपणे करता येतात आणि औषधांच्या आधी तेच सुचवले जातात. तीन-चार बैठका झाल्या असत्या तरी फरक पडला असता. पण पायांचे कारण सापडल्याच्या समाधानात मी प्रकरण मिटले असे मानले. पुढे जे घडले ते त्यामुळेच घडले असे मी म्हणणार नाही. मात्र जागरणाने थकलेली आणि अंथरुणाला भ्यालेली स्त्री आपण माहेरी पाठवत आहोत, हे मला तेव्हाच कळायला हवे होते.

बाळंतपणानंतरची अडचण

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नाशिकलाच तिचे नैसर्गिक बाळंतपण झाले. मुलगी झाली, वजन 2.8 किलो. तिसऱ्या दिवशी रेवती माहेरी गेली. बाराव्या दिवशी बारसे झाले. तेविसाव्या दिवशी टाके आणि बाळाचे वजन दाखवण्यासाठी ती रुग्णालयात आली, तेव्हा तिच्या डोळ्यांकडे पाहून परिचारिकेने तिला थेट माझ्याकडे आणले.

मी पहिला प्रश्न विचारला: "बाळ झोपल्यावर तुम्हाला झोप येते का?" ती रडू लागली. बाळ दोन-अडीच तास झोपे, शेजारी रेवतीची आई झोपे, आणि रेवती अंधारात बाळाच्या श्वासाकडे कान लावून पडून राही. गोधडी बाळाच्या तोंडावर जाईल, आपला डोळा लागला आणि हात बाळावर पडला तर, असे विचार थांबत नसत. चोवीस तासांत तुकड्यातुकड्यांनी मिळून तीन तास झोप होत असावी.

नवजात बाळाची झोप तुकड्यांतच असते. रात्र आणि दिवस यांतला फरक त्याला कळू लागायला दोन-तीन महिने जातात. त्यामुळे बाळंतिणीची झोप मोडणे अपेक्षितच असते. पण संधी मिळूनही झोप न येणे ही वेगळी गोष्ट आहे आणि तो फरक याच एका प्रश्नाने कळतो.

घरातील परिस्थितीही समजून घ्यावी लागली. जानेवारी म्हणजे द्राक्षांच्या काढणीचा हंगाम. मजुरांचा चहा-नाश्ता करण्यासाठी रेवतीची आई पहाटे चारला उठत होती, म्हणजे रात्री बाळाला घेऊन बसणारे घरात कोणीच नव्हते. सकाळी सातला मालिश करणाऱ्या मावशी येत, मग कढत पाण्याची अंघोळ, शेक आणि धुरी होई. या क्रमात शहाणपण आहे. अंघोळ आणि शेक झाल्यावर बाळंतिणीला गाढ झोप लागते, आणि जुन्या घरांत ती वेळ राखून ठेवलेली असे. इथे नेमक्या त्याच वेळी बाळाला पाहायला माणसे येत होती, आणि दुपारी ती आडवी झाली की आजी म्हणत, दिवसा झोपलेल्या बाळंतिणीचे अंग जड होते.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करून गेली. निफाडची थंडी कडाक्याची असते, म्हणून रात्रभर खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून दारे-खिडक्या बंद केल्या जात होत्या. रेवतीला सकाळी डोके जड वाटत असे ते जागरणामुळे की कोंडलेल्या धुरामुळे, हे सांगता येत नव्हते. बंद खोलीतील निखाऱ्यांमधून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो, त्याला वास नसतो आणि तो आई-बाळ दोघांचा जीव घेऊ शकतो. इतर सगळ्या गोष्टींवर मी विनंती केली. शेगडीबाबत मात्र तिच्या आईला स्पष्ट सांगितले की आज रात्रीपासून ती खोलीत नको. शेक द्यायचा तो खिडकी उघडी ठेवून, जागेपणी द्यावा.

कोणते पर्याय होते

सर्वांत आधी धोक्याच्या खुणा तपासल्या. बाळंतपणानंतर, विशेषतः पहिल्या दोन आठवड्यांत, हजारात एक-दोन स्त्रियांना तीव्र मानसिक आजार होतो आणि झोप उडणे ही त्याची सुरुवातीची खूण असू शकते. अशी स्त्री झोपत नाही, पण तिला थकवाही जाणवत नाही. ती फार बोलते, गोंधळते, नसलेले ऐकते किंवा विलक्षण संशय घेते. तसे दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे लागते. रेवतीत यांतले काही नव्हते; ती थकलेली होती आणि तिला झोप हवी होती. घराण्यातही असा आजार कोणाला झालेला नव्हता.

त्यानंतर बाळंतपणानंतरचे नैराश्य ओळखण्याची एडिनबरो प्रश्नावली मराठीतून भरून घेतली. दहा प्रश्नांच्या या चाचणीत जास्तीत जास्त 30 गुण येतात. तिला 14 आले, म्हणजे नैराश्य-चिंतेची सविस्तर तपासणी गरजेची होती. स्वतःला इजा करण्याच्या दहाव्या प्रश्नाला तिचे उत्तर 'कधीच नाही' असे होते, आणि तो प्रश्न मी एकांतात पुन्हा तोंडी विचारला. बाळंतपणानंतर काही महिन्यांत थायरॉइडचा दाह होऊन धडधड आणि निद्रानाश होऊ शकतो, म्हणून थायरॉइडसाठी रक्तातील टीएसएच तपासले. ते ठीक आले.

त्या भेटीनंतर तिसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांची भेट झाली. झोपेची गोळी कोणालाच योग्य वाटली नाही, कारण गुंगीत असलेल्या आईजवळ एकाच अंथरुणावर बाळ असणे धोक्याचे असते. चिंता-नैराश्यावरचे औषध आताच सुरू करता येईल, असे तज्ज्ञांनी सांगितले. सर्ट्रालिन हे औषध आईच्या दुधात फार थोडे उतरते आणि स्तनपान चालू असताना ते बऱ्याचदा निवडले जाते. रेवतीच्या आईला ते मान्य नव्हते, आणि खुद्द रेवतीलाही आधी झोप सुधारून पाहायची होती. तज्ज्ञांनी ठरवून दोन आठवड्यांची मुदत दिली, पुढची तारीख तिथेच लिहून दिली आणि त्याआधी त्रास वाढला तर ताबडतोब यायचे, रात्री-बेरात्री मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या, म्हणजे टेली-मानसच्या, 14416 या क्रमांकावर बोलायचे, असे ठरले.

रात्री वरचे दूध देऊन आईला झोपू द्यावे, हा पर्याय घरातील एका नातेवाइकांनी सुचवला होता. बाळाचे वजन चांगले वाढत होते, आईला दूध भरपूर होते; त्यामुळे त्याची गरज दिसली नाही.

काय केले

पहिले उद्दिष्ट एकच ठेवले: चोवीस तासांत एकदा तरी सलग साडेचार-पाच तासांची झोप, जिच्यात बाळाची जबाबदारी दुसऱ्या कोणावर तरी असेल. 'बाळ झोपले की तूही झोप' या सल्ल्याने रेवतीसारखीला उपयोग होत नाही, कारण ती राखण करत पडलेली असते. राखण दुसऱ्याने घेतल्याचे तिला कळले पाहिजे, आणि बाळ दुसऱ्या खोलीत असले पाहिजे.

माहेरी हा प्रयत्न आठवडाभर झाला आणि फसला. रात्री नऊ ते दीड बाळ रेवतीच्या आईने सांभाळायचे असे ठरले, पण चारला उठणाऱ्या त्या बाईचे डोळे अकरालाच मिटत होते. चौथ्या रात्री ती बाळाला मांडीवर घेऊन बसल्या जागी झोपली. रेवतीने ते पाहिले आणि तिची उरलीसुरली झोपही गेली.

उपाय सुचवला तो सासूबाईंनी. मुलाची दुसरी पाळी असते, तो रात्री साडेअकराला घरी येतो आणि तसाही दोन वाजेपर्यंत जागाच असतो, तर तेवढा वेळ बाळ त्याच्याकडे का नको, असे त्या फोनवर म्हणाल्या. नऊ ते साडेअकरा त्या स्वतः बाळ घेणार होत्या. मात्र यासाठी सव्वा महिना पुरा होण्याच्या आठवडाभर आधी रेवतीला सासरी यावे लागणार होते.

सगळ्यांत अवघड बोलणे हेच झाले. "माझ्या घरी लेकीला झोप लागली नाही असं लोक म्हणतील," असे रेवतीची आई म्हणाली, आणि तिचे दुःख खरे होते. हंगाम ऐन भरात असताना तिने डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मालिश यांत काही कमी पडू दिले नव्हते. मी तिला एवढेच म्हणाले की तुम्हीही महिनाभर झोपलेल्या नाही, आणि दोघींपैकी एकीला तरी झोप मिळण्याची सोय सिडकोत आहे. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मालिशवाल्या मावशी तिकडे मिळतील ना?" एकतिसाव्या दिवशी रेवती सासरी आली.

तिथली व्यवस्था अशी बसली: रात्री नऊला बाळाला पाजून रेवती वेगळ्या खोलीत झोपे. सकाळी दूध जास्त असते तेव्हा ती एका वेळेचे दूध काढून, झाकणाच्या स्वच्छ भांड्यात घालून फ्रिजमध्ये ठेवी. मधल्या वेळेस ते भांडे गरम पाण्यात ठेवून कोमट केले जाई आणि सासूबाई किंवा पती वाटी-चमच्याने पाजत. दोन वाजता पती बाळाला तिच्या खोलीत आणून देत. बाळासाठी खाटेला लागून वेगळे, घट्ट गादीचे अंथरुण केले, बाळाला पाठीवर झोपवायचे आणि गोधडीऐवजी अंगभर गरम कपडे घालायचे असे ठरले. तोंडावर गोधडी जाण्याच्या भीतीचे मूळच त्यामुळे नाहीसे झाले.

सोबत झोपेच्या सवयींवर काम केले. भिंतीवरचे घड्याळ काढले, वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून खुर्चीत बसायचे ठरले, संध्याकाळी पंधरा मिनिटे मनातील भीती वहीत लिहायची असे सांगितले. अंथरुणावरील वेळ मोजून कमी करण्याची पद्धत मात्र स्तनपान देणाऱ्या आईला जशीच्या तशी लावली नाही.

परिणाम

सासरी आल्यावर पहिल्या दोन रात्री ती वेगळ्या खोलीतही जागीच राहिली. तिसऱ्या रात्री साडेतीन तास झोपली. आठवड्याच्या शेवटी बहुतेक रात्री सलग चार तास झोप होऊ लागली. ठरल्या तारखेला प्रश्नावलीचे गुण 14 वरून 11 वर आले होते.

येथे आणखी एक निर्णय होता. झोप सुधारली म्हणून थांबायचे की औषध सुरू करायचे? घरातल्यांना थांबावेसे वाटत होते. पण दिवसा धडधड आणि बाळाला काहीतरी होईल हा विचार अजून रोज येत होता, आणि या वेळी रेवतीने स्वतःच औषध मागितले. सर्ट्रालिन अल्प मात्रेत सुरू झाले, स्तनपान चालू राहिले. साडेतीन महिन्यांनी गुण 4 होते आणि बाळ पहाटे एकदाच उठत होते. फेरिटिन पुन्हा तपासले तेव्हा 41 आले. लोहाची गोळी बाळंतपणानंतर 180 दिवस घ्यायची असते, तीही आता चहापासून दूर, अशी चालू आहे.

रेवतीच्या आईच्या मनातील सल मात्र पूर्ण गेला नाही. एप्रिलच्या छाटणीनंतर हाताला थोडी उसंत मिळाल्यावर ती सिडकोत आठ दिवस राहून गेली आणि त्या आठही रात्री नऊ ते साडेअकराची पाळी तिने सासूबाईंकडून मागून घेतली.

काय वेगळे करता आले असते

36 व्या आठवड्यातील तो फोन मला पुन्हा मिळाला, तर मी दुसरे वाक्य आधी लिहीन आणि माहेरी जाण्यापूर्वी दोन बैठका ठेवीन. माहेर आणि सासर दोन्हीकडच्या माणसांना एकत्र बसवून रात्रीची राखण कोणाकडे, हे बाळंतपणाच्या आधीच विचारीन; त्या चर्चेत द्राक्षकाढणीचा विषय पाच मिनिटांत निघाला असता. तेविसाव्या दिवसापर्यंत वाट पाहणेही बरोबर नव्हते, कारण बारशाच्या सुमारास एक फोन केला असता तर दहा-बारा रात्री वाचल्या असत्या.

औषध दोन आठवडे लांबवणे योग्य होते का, याबद्दल मानसोपचारतज्ज्ञांचे आणि माझे आजही पूर्ण एकमत नाही. त्यांच्या मते औषध पहिल्याच भेटीत सुरू करायला हवे होते. मला वाटते की झोप थोडी परत आल्यावर रेवतीने औषध स्वतः मागितले, म्हणूनच तिने ते सोडले नाही. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली की पहिल्या दिवशी दिले असते तर मी ते उशाखाली ठेवले असते.

आमच्याकडे आता 34 व्या आठवड्याच्या तपासणीत दोन प्रश्न विचारले जातात: रात्री पाय हलवल्याशिवाय राहवत नाही असे होते का, आणि लोहाची गोळी कशाबरोबर घेता. बाळंतपणानंतर दहाव्या आणि पंचविसाव्या दिवशी परिचारिका फोन करते आणि बाळ झोपल्यावर झोप लागते का, एवढेच विचारते. उत्तर देणारी जे शब्द वापरते तेच शब्द नोंदवहीत जसेच्या तसे लिहायचे, असा नियम आहे.